अणुचाचणीची धूळ वर्तुळात पडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अणुचाचण्या पुन्हा सुरू करण्याची भाषा जगात परत ऐकू येऊ लागली आहे. अशी बातमी आली की मोबाइलवर नकाशे फिरू लागतात. मध्ये एक टिंब आणि त्याभोवती तांबडे, केशरी, पिवळे वर्तुळ. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातही हाच तक्ता टांगलेला असतो. स्फोटाचा धक्का आणि उष्णता यांच्यापुरते ते वर्तुळ ठीक आहे, कारण ती दोन्ही चारी दिशांना सारखी पसरतात. पण नंतर आकाशातून खाली येणारी किरणोत्सारी धूळ, जिला सगळे फॉलआउट म्हणतात, ती आजवर कधीच वर्तुळात पडलेली नाही. ती कुठे पडणार हे वारा ठरवतो आणि किती पडणार हे पुष्कळदा पाऊस ठरवतो. या एका गोष्टीचा उलगडा झाला तर निम्मी भीती आणि निम्मी बेफिकिरी दोन्ही कमी होतील, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा द्यावी, ही विनंती.

आधी ही धूळ तयार कशी होते ते पाहू. स्फोटाचा अग्निगोल जमिनीला टेकला तर तिथली माती, खडक, मनोऱ्याचे पोलाद असे सगळे वितळून, वाफ होऊन वर ओढले जाते. वर जाताना गोल थंड होतो आणि अणुविखंडनातून निघालेली किरणोत्सारी द्रव्ये या वितळलेल्या कणांवर चिकटतात. गोल जमिनीला टेकलाच नाही, तर जड कणच तयार होत नाहीत. ढोबळ हिशोबाने २० किलोटनचा (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी ताकद) स्फोट सुमारे १८० मीटरच्या खाली झाला तर जवळपास मोठ्या प्रमाणात धूळ पडते. १६ जुलै १९४५ ची अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातली जगातली पहिली अणुचाचणी ३० मीटरच्या मनोऱ्यावर झाली, म्हणून तिची धूळ भरपूर. हिरोशिमाचा बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, म्हणून मातीची धूळ कमी. पण जळणाऱ्या शहराची काजळी वर गेली आणि थोड्याच वेळात काळा पाऊस होऊन वायव्येकडच्या वस्तीवर उतरली.

कणांचा आकार हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे आणि तो समजायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्यांनी खळ्यावरची उफणणी पाहिली आहे त्यांना तो आधीच माहीत आहे. तिवईवर उभे राहून पाटीतले धान्य वाऱ्यावर सोडले की दाणा पायाशी पडतो, मातेरे हातभर पुढे, भूस पाच-दहा हात लांब, आणि अगदी बारीक फोलकट कुठे गेले ते दिसतच नाही. वारा तोच, उंची तीच. फरक फक्त खाली यायला लागणाऱ्या वेळाचा. जो कण जितका वेळ हवेत, तितका तो लांब.

आता आकडे. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शंभर मायक्रॉनचा कण, म्हणजे केसाहून थोडा जाड, सेकंदाला साधारण अर्धा मीटर या गतीने पडतो, म्हणजे ताशी १.८ किलोमीटर. दहा किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला साडेपाच तास लागतात. वाटेतला वारा सरासरी ताशी ४० किलोमीटर असेल तर तो सव्वादोनशे किलोमीटर पुढे जाऊन पडतो. दहा मायक्रॉनच्या कणाला तेवढेच अंतर उतरायला दोन-तीन आठवडे लागतात. एक मायक्रॉनचा कण केवळ वजनाने खाली यायचा म्हटला तर कित्येक वर्षे जातील. त्याला खाली आणतो तो पाऊस.

कृष्णाकाठच्या माणसाला याचा रोजचा दाखला आहे. गळीत हंगामात कुणी उसाचे पाचट पेटवले की जळक्या पात्याचे काळे, मुडपलेले तुकडे बांधापलीकडच्या वस्तीवर, वाळत घातलेल्या धोतरा-साड्यांवर येऊन बसतात. बोटाने दाबले की त्यांची पूड होते आणि डाग कापडात मुरतो. हे मोठे तुकडे एक-दोन किलोमीटरच्या आत पडतात. धूर मात्र त्यांच्याबरोबर पडत नाही. थंडीच्या पहाटे तो खोऱ्यात पसरून राहतो, ऊन चढले की वर उचलला जातो आणि कुठल्या कुठे जातो. काळे तुकडे पडायचे थांबले म्हणजे सगळे खाली आले, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

आता वारा. 'वारा कुठून आहे?' हा प्रश्न आपण एकवचनी विचारतो, तिथेच चूक होते. जमिनीवरचा वारा, दीड किलोमीटरवरचा, सहा किलोमीटरवरचा आणि पंधरा किलोमीटरवरचा हे चार वेगळे वारे असू शकतात, आणि आपल्या भागात पावसाळ्यात ते असतातच. जुलैत सातारा-सांगलीवर खालचे पाच-सहा किलोमीटर पश्चिमेचा मोसमी वारा असतो. त्यावर एक मंद पट्टा. नऊ किलोमीटरच्या वर वारा पूर्वेचा होतो आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर तो ताशी ८० ते १०० किलोमीटरने वाहू शकतो.

फॉलआउटचा अंदाज काढण्याची जुनी, कागद-पेन्सिलीची रीत याच थरांवर उभी आहे. संगणक आले तरी तत्त्व तेच आहे. आकाशाचे दीड-दीड किलोमीटरचे थर पाडायचे. प्रत्येक थरातला वारा हवामानाच्या फुग्याच्या नोंदीवरून घ्यायचा. कण त्या थरात किती वेळ राहील ते काढून, तेवढ्या वेळात वारा त्याला किती नेईल तेवढी रेघ वाऱ्याच्या दिशेने काढायची. पुढच्या थराची रेघ आधीच्या रेघेच्या टोकापासून सुरू करायची. शेवटचे टोक म्हणजे कण पडण्याची जागा. हेच वेगवेगळ्या उंचीवरून सुरुवात करून पुन्हा करायचे आणि मिळालेली टोके जोडायची. जी वाकडीतिकडी रेघ तयार होते तिच्या आजूबाजूला सर्वांत जास्त धूळ पडते. विद्यार्थ्यांची हमखास चूक इथे होते. पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, त्याची रेघ पूर्वेकडे जायला हवी. ती उलटी काढली की सगळा नकाशा उलटा होतो.

हीच रीत जुलैतल्या कऱ्हाडवर लावून पाहू. समजा कऱ्हाडवर आकाशात धुळीचा पंधरा किलोमीटर उंच खांब उभा आहे, कण सगळे शंभर मायक्रॉनचे, आणि पाऊस घटकाभर थांबला आहे. सहा किलोमीटरवरचा कण साडेतीन तासांत उतरेल. वारा सरासरी ताशी ३५ किलोमीटर धरला तर तो पूर्वेला सव्वाशे किलोमीटरच्या आत, सांगोल्याच्या आसपास पडेल. पंधरा किलोमीटरवरचा कण आधी वरच्या पूर्वेच्या वाऱ्यात साडेतीन तास पश्चिमेला दोनशे किलोमीटर समुद्रावर जाईल, मग खालच्या मोसमी वाऱ्यात सापडून परत पूर्वेला वळेल आणि शेवटी चिपळूणच्या पलीकडे कोकणात उतरेल. जागा एक, कण एकसारखे; एक माणदेशात, दुसरा सह्याद्रीच्या पलीकडे. आता यावर वर्तुळ कुठे काढायचे?

या हिशोबातली एक चूक किती महागात पडते ते १ मार्च १९५४ ला प्रशांत महासागरातल्या बिकिनी प्रवाळद्वीपावर दिसले. अमेरिकेच्या 'ब्राव्हो' चाचणीत स्फोटाची ताकद सुमारे ६ मेगाटन (म्हणजे ६,००० किलोटन) अपेक्षित होती, झाली १५. इंधनातला लिथियम-७ स्वस्थ राहील असे धरले होते, तो राहिला नाही. ढग ४० किलोमीटरपर्यंत चढला. वरचे वारे पूर्वेकडे, माणसे राहत असलेल्या बेटांच्या रोखाने नेणारे आहेत, हे आदल्या रात्रीच्या बैठकीत दिसले होते. तरीही पहाटे स्फोट केला. सुमारे १५० किलोमीटरवरच्या रोंगेलॅप बेटावर काही तासांतच पांढरी भुकटी पडू लागली. प्रवाळाचा तो भाजलेला चुना होता. लोकांना तिथून हलवले ते तिसऱ्या दिवशी. पूर्वेलाच मासेमारी करणाऱ्या 'फुकुर्यू मारू' या जपानी बोटीवरच्या २३ जणांच्या अंगावर तीच राख पडली, आणि तिचे वायरलेस चालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर १९५४ ला वारले. याच चाचणीनंतर, २ एप्रिल १९५४ ला, पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली. ही मागणी करणाऱ्या पहिल्या काही आवाजांत भारताचा आवाज होता, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

उलटी चूकही होते. १७ जुलै १९७४ ला फ्रान्सने प्रशांत महासागरातल्या मुरुरोआ बेटावर केलेल्या 'सांतॉर' चाचणीचा ढग अपेक्षेइतका चढलाच नाही, पाच किलोमीटरच्या थोडे वर अडकला. वरच्या वाऱ्याचा हिशोब मांडला होता. ढग सापडला खालच्या वाऱ्यात आणि दोन दिवसांत बाराशे किलोमीटरवरच्या ताहितीवर पोचला. ढग किती चढला हे कळल्याशिवाय कोणता वारा बघायचा हेच कळत नाही.

वाऱ्याच्या अंदाजात आणखी एक बाजू आहे आणि ती तांत्रिक नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात १९५१ ते १९६२ या काळात जमिनीवर आणि हवेत सुमारे शंभर चाचण्या झाल्या. वारा लास व्हेगासकडे असेल तर थांबायचे आणि पूर्वेकडे वळला की उडवायचे, अशी पद्धत होती. पूर्वेला युटातली विरळ वस्तीची गावे होती. १९ मे १९५३ च्या 'हॅरी' चाचणीची धूळ सेंट जॉर्ज गावावर आली आणि लोकांना घरात थांबा म्हणून सांगावे लागले. वारा निवडला म्हणजे धूळ कुणाच्या डोक्यावर पडणार ते निवडले. 'अनुकूल वारा' हा शब्द अशा अहवालांत वाचताना, कुणाला अनुकूल, हे विचारायलाच हवे.

आता पाऊस, जो आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. नेवाडातल्याच २५ एप्रिल १९५३ च्या 'सायमन' चाचणीचा ढग वरच्या वेगवान वाऱ्यातून दीड दिवसात ३,७०० किलोमीटर दूर न्यूयॉर्क राज्यात पोचला. तिथे त्याला मेघगर्जनेसह जोरदार पाऊस भेटला. ट्रॉय गावातल्या अभियांत्रिकी संस्थेच्या प्रयोगशाळेत किरणोत्सार मोजणारे गायगर काउंटर अचानक जास्त आकडे दाखवू लागले तेव्हा हे उघड झाले. मधल्या कितीतरी राज्यांवरून तोच ढग कोरडा निघून गेला होता.

वळवाचा पाऊस पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. तो बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरे कोरडे ठेवतो, असे आपल्याकडे म्हणतात. ज्या शिवारात तो पडला तिथे आकाशातला माल उतरला; शेजारचे शिवार वाचले. यामागची क्रिया अशी. ढगातले पाण्याचे बारीक थेंब याच सूक्ष्म कणांवर धरतात किंवा त्यांना गिळतात आणि मग ते थेंब एकत्र येऊन पाऊस होतो. ढगाच्या खाली, पडणाऱ्या थेंबाने वाटेतले कण धुऊन काढणे त्यामानाने बरेच कमी होते, कारण हवा थेंबाला वळसा घालून जाते आणि बारीक कण तिच्याबरोबर निसटतो. म्हणून किरणोत्सारी हवा पावसाच्या ढगाच्या आत शिरली तर धोका मोठा, आणि ढगाच्या वरून निघून गेली तर एवढा पाऊस पडूनही काही उतरत नाही. 'पाऊस पडला, हवा स्वच्छ झाली' हे वाक्य खरे आहे, पण हवेतले जमिनीवर आले एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्याच चाचणीचा पत्ता असाच एका नदीने दिला. १९४५ मध्ये कोडॅक कंपनीच्या फिल्मवर बारीक डाग दिसू लागले. शोध घेतला तेव्हा फिल्मच्या वेष्टनासाठीचा पुठ्ठा दोषी निघाला. तो इंडियाना राज्यात, वॉबाश नदीचे पाणी वापरून तयार झाला होता. न्यू मेक्सिकोची धूळ पावसाबरोबर त्या नदीत उतरली होती. अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त.

मेगाटनच्या स्फोटांची गोष्ट वेगळी. त्यांचा ढग ढगांच्या जगाच्या वर, स्थितांबरात जातो. तिथे पाऊस नाही, म्हणून बारीक कण वर्ष-दीड वर्ष, अगदी वर असतील तर त्याहून जास्त काळ फिरत राहतात. ही हवा विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे सरकते आणि मुख्यतः मध्य अक्षांशांत, वसंत ऋतूत खाली झिरपते. म्हणून १९६१-६२ च्या प्रचंड चाचण्यांची धूळ जगभर सर्वांत जास्त उतरली ती १९६३ मध्ये, आणि तीही ४० ते ५० अंश उत्तर या पट्ट्यात. आपल्या १७ अंशांवर ती बरीच कमी. एवढ्या उशिरा उतरणाऱ्या धुळीत आठ दिवसांत निम्मे होणारे आयोडीन-१३१ उरत नाही. उरतात स्ट्रॉन्शियम-९० आणि सीझियम-१३७, ज्यांना निम्मे व्हायला तीस वर्षांच्या आसपास लागतात.

संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने १९६३ ची या धुळीमुळे मिळालेली किरणोत्साराची जगाची सरासरी मात्रा माणशी ०.११ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजण्याचे एकक) काढली आहे. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतेच. त्या मानाने हा आकडा लहान आहे आणि तो लहान आहे हे सांगणे आमचे काम आहे. पण सरासरीचा अर्थ सातारा जिल्ह्याला कुणी समजावून द्यायला नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. दोघांची सरासरी काढून दहिवडीच्या शेतकऱ्याला दिली तर त्याच्या विहिरीला पाणी येत नाही. रोंगेलॅप आणि सेंट जॉर्ज त्या ०.११ मध्ये दिसत नाहीत. जगावर एकसारखी पसरलेली धूळ घेतली तरी ती पावसाच्या प्रमाणात उतरते, म्हणजे घाटमाथ्यावर जास्त आणि माण-खटाव-जतला कमी. 'सह्याद्री आडवा आहे, आपल्याला काय होतंय' हे जे बोलले जाते ते म्हणूनच चुकीचे आहे. डोंगर पाऊस पाडतो, आणि पावसाबरोबर जे असेल तेही.

चाचणी जमिनीखाली केली की प्रश्न मिटला, असेही नाही. १८ डिसेंबर १९७० ला नेवाडात सुमारे पावणेतीनशे मीटर खोल केलेल्या 'बेनबेरी' स्फोटाने जमिनीला भेग पडली आणि ढग तीन किलोमीटर वर आला. पोखरणलाही ११ मे १९९८ ला वारा निवळेपर्यंत काही तास थांबावे लागले होते. स्फोट दुपारी पावणेचारला झाला.

आपल्या भागात यदाकदाचित अशी धूळ उतरलीच तर जपायचे ते सर्वांत आधी लहान मुलांचे दूध. आयोडीन-१३१ गवतावर बसते, गाय-म्हैस चरते, आणि साधारण तिसऱ्या दिवशी ते दुधात सर्वांत जास्त उतरते. शेळी-मेंढीच्या दुधात ते गायीपेक्षाही जास्त येते, म्हणून माणदेशाने हे लक्षात ठेवावे. दूध उकळून ते जात नाही. उपाय आपल्या गोठ्यातच आहे. जनावरे बांधून ठेवायची आणि आधीच रचलेला कडबा घालायचा. बुचाडाच्या बाहेरच्या पेंढ्यांवर धूळ बसलेली असते; त्या वेगळ्या काढून आतल्या वापरायच्या. ताडपत्री आधीच टाकली असेल तर उत्तम. पाणी बोअरचे किंवा झाकलेल्या विहिरीचे द्यायचे, शेततळ्याचे किंवा पन्हळीचे नाही. संशयित दुधाची भुकटी करून ऐंशी दिवस ठेवली तर आयोडीन दहा वेळा निम्मे होऊन हजारावा भाग उरतो. आयोडीनयुक्त मीठ जास्त खाऊन काही साधत नाही. प्रौढाच्या संरक्षक गोळीत १३० मिलिग्रॅम पोटॅशियम आयोडाइड असते, तर मिठातून दिवसाला मिळणारे आयोडीन मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. आणि ती गोळीही फक्त गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीपुरती, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

ताजी धूळ झपाट्याने निवळते, हेही माहीत असावे. वेळ सातपट झाली की किरणोत्साराचा मारा दहावा भाग होतो. स्फोटानंतर तासाभराने १०० असेल तर सात तासांनी १०, दोन दिवसांनी १. म्हणून पहिले दोन दिवस पक्क्या घरात, आतल्या खोलीत काढणे हे घाबरून पळत सुटण्यापेक्षा कितीतरी चांगले. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराबाहेरच काढावेत आणि अंग, केस धुवावेत. बहुतेक धूळ तिथेच जाते.

आपल्या वर्तमानपत्राला विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी बातमी छापताना नकाशावर वर्तुळ छापू नये. स्फोट जमिनीवर, हवेत की जमिनीखाली, ढग किती उंच गेला, स्फोटाला किती तास झाले, आणि दीड, साडेपाच व बारा किलोमीटरवरचे वारे कुठून कुठे आहेत, एवढे चार ओळींत द्यावे. वाटेत पाऊस कुठे पडतो आहे तेही द्यावे. आपल्या जवळचे फुगे मुंबई आणि पणजीहून सुटतात, पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या वेळेचे. बातमीत त्या नोंदीची वेळ जरूर लिहावी, कारण दुपारी तीन वाजता वाचकाच्या हातात असलेला वारा पहाटेचा असतो.

आपले,
भूगोल व पदार्थविज्ञानाचे काही शिक्षक,
कऱ्हाड, जि. सातारा